आधी घडण, मग मोजमाप : मायट्रल झडपेच्या आजारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

हृदयाच्या डाव्या बाजूला, कर्णिकेतून जवनिकेत रक्त उतरते त्या वाटेवर मायट्रल झडप असते. दिवसाला साधारण एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. उघडली की तिने वाटेत जवळजवळ काहीच अडथळा ठेवायचा नाही, आणि मिटली की जवनिकेचा सगळा जोर थोपवून धरायचा. जवनिका आकुंचन पावते तेव्हा तिच्यातला दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास जातो आणि वर कर्णिकेत तो जेमतेम दहा असतो. हृदयातल्या चार झडपांपैकी दाबाचा एवढा फरक दुसऱ्या कोणत्याच झडपेला पेलावा लागत नाही. या झडपेच्या आजारांचा अभ्यास हा या ग्रंथाचा विषय आहे, आणि हृदयरोगशास्त्राकडे नव्याने वळणाऱ्याला याहून चांगले प्रवेशद्वार मला माहीत नाही. शरीररचना, द्रवगतिकी, जीवाणूशास्त्र, शस्त्रक्रियेचा इतिहास आणि सार्वजनिक आरोग्य या सगळ्या वाटा येथे येऊन मिळतात.

रुग्णाच्या हातात इकोचा रिपोर्ट असतो. त्यात बहुधा एक शब्द सगळ्यांचे लक्ष वेधून घेतो: सौम्य, मध्यम किंवा तीव्र. नातेवाईक तेवढेच वाचतात, आणि घाईत असलेला डॉक्टरही पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. नव्या अभ्यासकाला माझे पहिले सांगणे याच सवयीबद्दल आहे. झडप किती गळते किंवा किती अरुंद झाली, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, तिचा नेमका कोणता भाग बिघडला आणि कशामुळे. दोन रुग्णांच्या झडपा अगदी सारख्या गळत असतील. पण एकाच्या झडपेची मागची पाकळी सैल पडून तिचा तंतू तुटलेला असेल, आणि दुसऱ्याची झडप मुळात निर्दोष असून जवनिकाच फुगलेली असेल. पहिल्याची झडप कुशल शल्यचिकित्सक जवळजवळ पूर्ववत करू शकतो. दुसऱ्याला त्याच शस्त्रक्रियेतून फारसे काही मिळत नाही. रिपोर्टमधला शब्द मात्र दोघांचाही एकच असतो.

म्हणून सुरुवात घडणीपासून. झडप म्हटले की डोळ्यांपुढे दोन पाकळ्या येतात, पण पाकळ्या हा या रचनेचा केवळ एक भाग आहे. पुढची पाकळी उंच आणि रुंद. कड्याच्या घेराचा सुमारे एक तृतीयांश भागच ती व्यापते, पण झाकण्याचे मोठे काम तिचेच. तिची पाठ महारोहिणीच्या मार्गाला लागून असते, त्यामुळे रक्त बाहेर पडण्याच्या वाटेची एक भिंतही तीच होते. मागची पाकळी उंचीला आखूड आणि घेराला लांबट. तिचे तीन भाग पडतात, त्यांना पी १, पी २ आणि पी ३ म्हणतात. दोन्ही पाकळ्या ज्यावर बसतात ते कडे, पाकळ्यांना खालून धरून ठेवणारे तंतू, ते तंतू ज्यांतून निघतात ते दोन पॅपिलरी स्नायू, ते स्नायू ज्या भिंतीतून उगवतात ती जवनिका, आणि वरची कर्णिका, असे सगळे मिळून झडप पुरी होते. मिटताना पाकळ्या कडेला कड लावून थांबत नाहीत; काही मिलिमीटरपर्यंत एकमेकींवर टेकतात. पाकळ्यांचे एकूण क्षेत्रफळ कड्याच्या क्षेत्रफळाहून बरेच जास्त असते ते याचसाठी. ही शिल्लक जोवर आहे तोवर कडे थोडे ताणले तरी झडप गळत नाही. शिल्लक संपली की गळती सुरू होते.

दोन पॅपिलरी स्नायूंतला एक फरक विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात पक्का करावा. पुढच्या-बाहेरच्या स्नायूला बहुधा दोन रक्तवाहिन्यांकडून पुरवठा होतो, मागच्या-आतल्या स्नायूला एकाच वाहिनीकडून. हृदयविकाराच्या झटक्यात जवनिकेचा खालचा भाग निकामी झाला की हा मागचा स्नायू तुटण्याची भीती असते, आणि तो तुटला तर काही तासांत फुप्फुसे पाण्याने भरतात. असा रुग्ण कित्येकदा मर्मर ऐकूच येत नाही इतक्या शांत छातीने येतो, कारण कर्णिकेतला दाब झपाट्याने चढून दोन्हीकडच्या दाबांतला फरकच उरत नाही. रक्तवाहिन्यांचा नकाशा पाठ असलेला डॉक्टर अशा वेळी कानावर विसंबत नाही, लगेच इको मागवतो.

कड्याचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ते सपाट असते असे फार काळ गृहीत धरले जाई. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्याचा आकार खोगिरासारखा आहे. पुढचा आणि मागचा बिंदू उंच, बाजूचे दोन सखल. ही भूमितीतली एक बारीक दुरुस्ती वाटेल. तिने असंख्य धडधाकट माणसांच्या माथी बसलेला आजाराचा शिक्का पुसला. तो प्रसंग पुढे, प्रोलॅप्सच्या, म्हणजे पाकळी कर्णिकेत फुगण्याच्या आजाराच्या, ओघात येईल.

आपल्या देशात या विषयाची सुरुवात ऱ्हुमॅटिक तापापासूनच करावी लागते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जीवाणूमुळे दुखतो, दोन-चार दिवसांत बरा वाटतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. एका सांध्यातली सूज ओसरते तोवर दुसरा धरतो. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयातल्या ऊतींनाही तोच शत्रू समजते, कारण दोन्हींतल्या काही प्रथिनांची ठेवण मिळतीजुळती असते. सांधे पूर्ण बरे होतात. झडपेचे तसे होत नाही. पाकळ्यांच्या कडा जाड होतात, त्या जेथे एकमेकींना मिळतात ते कोपरे चिकटतात, तंतू आखडून एकमेकांना जुळतात, पुढे त्यांत कॅल्शियम साठते. चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट दीडवर आली की रोग तीव्र समजतात. एकवर आली की अतितीव्र.

उष्ण प्रदेशात हा आजार क्वचितच होतो असा समज वसाहतकाळातल्या वैद्यकात बराच काळ टिकून होता. प्रत्यक्षात तो आपल्याकडे होता, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत सांगितल्यापेक्षा फार लवकर येत होता. पुस्तके म्हणत, ताप बालपणी आणि अरुंद झडपेची लक्षणे तिशी-चाळिशीत. १९६३ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये विशीच्या आतल्या भारतीय रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या झडपा अत्यंत अरुंद झालेल्या होत्या आणि फुप्फुसांतला दाब भयंकर वाढलेला होता. पहिला ताप ते शस्त्रक्रियेची गरज, हा वीस-पंचवीस वर्षांचा प्रवास येथे काही वर्षांत उरकत होता. वारंवार होणारा घशाचा संसर्ग, दाटीवाटीची घरे, न मिळालेले पेनिसिलिन ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. हा निबंध मी प्रत्येक विद्यार्थ्याला वाचायला सांगतो, कारण आपल्या वॉर्डातले रुग्ण पुस्तकाशी जुळत नसतील तर पुस्तकाकडे संशयाने पाहावे, हे धैर्य त्यातून शिकता येते.

अरुंद झडपेचे गणित समजले की रुग्णाच्या तक्रारी आपोआप उलगडतात. वाट लहान असेल तर तेवढेच रक्त ढकलायला कर्णिकेत दाब वाढतो, आणि दोन्हीकडच्या दाबांतला फरक प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. प्रवाह दुप्पट झाला तर दाबाचा फरक चौपट. हे सूत्र १९५१ मध्ये रिचर्ड गॉर्लिन या डॉक्टराने आपल्या अभियंता वडिलांबरोबर मांडले. धरणाच्या पाण्याचे शास्त्र तेव्हा हृदयाच्या कामी आले. त्यात आणखी एक भर पडते. ठोके वाढले की आकुंचनाचा काळ फारसा घटत नाही, घटतो तो जवनिका भरण्याचा काळ, म्हणजे झडप उघडी असण्याचाच काळ. म्हणून घरात बसलेली बाई ठणठणीत असते आणि पाण्याची कळशी घेऊन दोन जिने चढली की तिला धाप लागते. म्हणूनच गर्भारपण हा अशा स्त्रीचा खरा कसोटीचा काळ. शरीरातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, ठोके वाढतात, आणि प्रसूतीनंतर आकसणाऱ्या गर्भाशयातले रक्त एकदम अभिसरणात येते. कित्येक जणींना आपल्या हृदयात काही आहे हे पहिल्या बाळंतपणातच कळते. खोकल्यातून रक्त पडल्यामुळे क्षयाची औषधे महिनोन्महिने घेतलेल्या रुग्णांतही ही झडप सापडते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरने हे दोन प्रसंग ध्यानात ठेवले तरी या ग्रंथाचा निम्मा हेतू साध्य झाला असे मी म्हणेन.

ही चिकटलेली झडप मोकळी करण्याचा इतिहास म्हणजे हृदयशस्त्रक्रियेचा आरंभच. १९२३ च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या मुलीच्या जवनिकेतून चाकू घालून झडप कापली. ती मुलगी साडेचार वर्षे जगली, त्यानंतरचे बहुतेक रुग्ण दगावले. वाट मोकळी करण्याऐवजी पाकळीच कापली जाई आणि अरुंद झडपेची जागा गळकी झडप घेई. घडण न ओळखता केलेल्या उपचाराची ही किंमत होती. १९२५ मध्ये लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी कर्णिकेच्या कोपऱ्यातून बोट आत घातले आणि धडधडत्या हृदयातली झडप चाचपली. रुग्ण मुलगी बरी झाली. पण त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कुणी पाठवलाच नाही. पुढची जवळपास पंचवीस वर्षे रिकामी गेली. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांना यश आले, त्याआधीचे त्यांचे चारही रुग्ण वाचले नव्हते. सहाच दिवसांनी बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन आणि सप्टेंबरात लंडनमध्ये रसेल ब्रॉक यशस्वी झाले. या वेळी फरक एवढाच होता की पाकळी न कापता चिकटलेला कोपरा उकलायचा, हे त्यांना उमगले होते. साउटर यांचे बोट योग्य जागी पोहोचले होते. कमी पडली ती वैद्यकीय समाजाची तयारी.

भारतात ही बंद शस्त्रक्रिया मनापासून स्वीकारली गेली, कारण तिला हृदय-फुप्फुस यंत्र लागत नसे. मुंबईत केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाने आणि दक्षिणेत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ती रुजवली. वेल्लोरच्या स्टॅन्ली जॉन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एकापाठोपाठ एक अशा ३७२४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जगात अन्यत्र एवढी मोठी मालिका सहजी सापडत नाही. मग बलून आला. जपानमधल्या कांजी इनोउए यांनी मांडीतून नळी नेऊन, दोन कर्णिकांमधला पडदा छेदून, झडपेत फुगा फुगवण्याची रीत १९८४ मध्ये जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी जेम्स लॉक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मुलांवर आणि तरुणांवर केलेल्या अशाच उपचारांचा वृत्तान्त दिला. बलून श्रेष्ठ की शस्त्रक्रिया, याचा निकाल लावणारी चाचणी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये झाली. ६० रुग्णांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उपचार ठरवून दिले गेले. तीन वर्षांनी बलूनच्या गटात झडपेचे क्षेत्रफळ सरासरी २.४ चौरस सेंटिमीटर होते, खुल्या शस्त्रक्रियेच्या गटात १.८. १९९४ च्या या निष्कर्षाने जगभरची पद्धत बदलली.

बलून कोणाला लाभेल हे ठरवतानाही प्रश्न घडणीचाच असतो. विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पाकळीची हालचाल, जाडी, कॅल्शियम आणि पाकळीखालच्या तंतूंची अवस्था या चार गोष्टींना एक ते चार गुण देण्याची पद्धत आखली. बेरीज आठपर्यंत असेल तर फळ चांगले मिळण्याची शक्यता अधिक. कोपरे चिकटून बाकी पाकळी लवचीक असेल तर फुगा नेमका कोपरा उकलतो. कोपऱ्यात कॅल्शियम साठले असेल, तर तोच फुगा पाकळी फाडतो आणि रुग्णाला त्याच रात्री शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागते. आणि कर्णिकेत रक्ताची गाठ असेल तर बलूनचा विचार बाजूला ठेवावा लागतो.

आता प्रोलॅप्स. जोहान्सबर्गचे जॉन बार्लो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की काही रुग्णांत आकुंचनाच्या मध्यावर ऐकू येणारा ‘क्लिक’ आणि त्यापाठोपाठचा मर्मर खुद्द मायट्रल झडपेतून येतो. तोवर तो हृदयाबाहेरचा, निरुपद्रवी आवाज मानला जाई. पाकळ्या जाड, ढिल्या आणि लांब होऊन आकुंचनाच्या वेळी कर्णिकेत फुगतात; तंतू लांबतात आणि एखाद्या दिवशी तुटतात. सर्वाधिक वेळा हे मागच्या पाकळीच्या मधल्या, म्हणजे पी २ भागात घडते. १९७० च्या दशकात इको दवाखान्यांपर्यंत पोहोचू लागला आणि प्रोलॅप्सचे निदान अमाप वाढले. घाबरट स्वभाव, छातीत टोचणे, चक्कर, सगळ्यांचे खापर त्याच्यावर फुटू लागले. चार कप्पे एकदम दिसणाऱ्या चित्रात कड्याच्या सखल बाजू समोर येतात, त्यामुळे निरोगी पाकळीही कड्याच्या वर चढलेली भासते. खोगिराचा आकार समजल्यावर निदान दुसऱ्या, उभ्या छेदाच्या चित्रावर दोन मिलिमीटरच्या मर्यादेने होऊ लागले, आणि १९९९ च्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात प्रोलॅप्सचे प्रमाण २.४ टक्के भरले. पूर्वीच्या काही अभ्यासांत ते याच्या कित्येक पट सांगितले होते. निदानाच्या घाईने निरोगी माणसाला रोगी ठरवणे हे माझ्या मते वैद्यकातले छोटे पाप नाही. त्या काळातल्या तरुणींना नोकरीत, लग्नात, विम्यात या एका शब्दाने किती अडवले असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

झडप गळते तेव्हा हृदयाचे जे होते ते फसवे असते. जवनिका प्रत्येक ठोक्याला काही रक्त महारोहिणीत आणि काही मागे कर्णिकेत टाकते. मागची वाट कमी दाबाची आहे, त्यामुळे जवनिकेला आकुंचन सोपे जाते आणि तिची कार्यक्षमता, ज्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात, फुगून दिसते. अशा रुग्णात ५५ टक्के हा आकडा वाचून समाधान मानणे ही चूक आहे. स्नायू त्याआधीच खचायला लागलेला असतो. म्हणून मूळ दोष झडपेतच असताना कार्यक्षमता ६० टक्क्यांवर किंवा खाली येणे, अथवा आकुंचनाच्या शेवटी जवनिकेचा व्यास ४० मिलिमीटर होणे, या दोन्ही खुणा शस्त्रक्रियेची वेळ दाखवतात, मग रुग्णाला काहीच त्रास नसला तरी. मला काही होत नाही तर छाती का उघडायची, हे रुग्णाचे म्हणणे अगदी रास्त असते. त्याला उत्तर द्यायला हा परिच्छेद डॉक्टरला पूर्ण पचलेला हवा. धाप लागेपर्यंत थांबलो तर झडप दुरुस्त होते आणि स्नायू मात्र मागे राहतो, हे शांतपणे, रेखाचित्र काढून सांगावे लागते.

दुरुस्तीचे व्याकरण पॅरिसच्या अ‍ॅलन कार्पेंतिए यांनी दिले. त्यांनी रोगाच्या नावापेक्षा पाकळीच्या हालचालीकडे पाहिले: हालचाल ठीक असून कडे ताणलेले किंवा पाकळीला भोक पडलेले, हा पहिला प्रकार, हालचाल अतिरेकी, हा दुसरा, हालचाल अडकलेली, हा तिसरा, आणि त्यात उघडतानाची अडक आणि मिटतानाची ओढ असे दोन पोटभेद. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र तंत्र. सैल तुकडा काढायचा किंवा मुडपायचा, तुटलेल्या तंतूच्या जागी नवा तंतू लावायचा, आणि शेवटी कड्याला त्याचा मूळ आकार देणारी रिंग बसवायची. ‘फ्रेंच करेक्शन’ हे त्यांचे १९८३ चे व्याख्यान आजही शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला त्या व्याकरणात सर्वांत सुबकपणे नेऊन सोडते.

याच व्याकरणाच्या कसोटीवर दुय्यम गळती तपासली की गुंता स्पष्ट होतो. झटक्यानंतर किंवा स्नायूच्या आजारामुळे जवनिका फुगते, पॅपिलरी स्नायू दूर सरकतात, तंतू पाकळ्यांना खाली ओढून धरतात, आणि निर्दोष झडप गळू लागते. २०१८ मध्ये अशा रुग्णांत क्लिपने पाकळ्या मध्यभागी जोडण्याच्या दोन चाचण्या काही आठवड्यांच्या अंतराने आल्या. फ्रान्समधल्या ३०४ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. अमेरिका-कॅनडातल्या ६१४ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ टक्क्यांवर आले. उपकरण तेच, निष्कर्ष परस्परविरोधी. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे की फ्रेंच रुग्णांच्या जवनिका अधिक फुगलेल्या होत्या आणि गळती तुलनेने कमी होती, म्हणजे तेथे आजार जवनिकेचाच होता. दुसऱ्या चाचणीत गळती जवनिकेच्या मानाने जास्त होती, आणि औषधेही काटेकोर दिली गेली होती. मतभेद अजून मिटलेले नाहीत. पण किती गळते याचे उत्तर कुणाची गळते याच्याशिवाय अपुरे राहते, हे यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने सांगता येणार नाही.

जन्मजात दोष, जंतुसंसर्गाने पाकळीला पडलेली भोके, वार्धक्यात कड्यात साचणारे कॅल्शियम, जाड स्नायूच्या आजारात पुढच्या पाकळीचे वाटेत ओढले जाणे, या सर्वांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. येथे एवढेच नोंदवतो की लोकांचे आयुर्मान वाढले तसे कड्याच्या कॅल्शियमचे रुग्ण आपल्याकडेही वाढू लागले आहेत, आणि शस्त्रक्रियेला ते सर्वांत कठीण असतात.

दुरुस्ती शक्य नसेल तेव्हा झडप बदलावी लागते. मार्च १९६० मध्ये अमेरिकेत नीना ब्राउनवल्ड यांनी स्वतः आखलेली लवचीक कृत्रिम मायट्रल झडप माणसात बसवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पोर्टलंडमध्ये अल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्स यांच्यासह पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप बसवली, आणि पुढची अनेक वर्षे ती जगभर वापरली गेली. आपल्या देशात आयात झडपेची किंमत हेच सर्वसामान्यांसाठी बंद दार होते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांनी स्वदेशी झडपेचा ध्यास घेतला. आधीची प्रारूपे एकेक करून अपयशी ठरली. अखेर कलती चकती असलेली चौथी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी रुग्णाच्या हृदयात बसली. टीटीके चित्रा या नावाने ती आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना मिळाली आहे. प्रयोगशाळेत हरलेल्या तीन झडपांमागची चिकाटी मला चौथ्या झडपेइतकीच मोलाची वाटते.

पण धातूची झडप म्हणजे आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी, दर महिन्या-दीड महिन्याला रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआरची तपासणी, आणि मूल हवे असलेल्या तरुणीपुढे एक अवघड निवड. कारण हीच गोळी गर्भाच्या पहिल्या तिमाहीत घातक ठरू शकते. तपासणीची सोय तालुक्यात नसेल तर गोळीचे प्रमाण अंदाजाने चालते, आणि मग एकीला झडपेवर गाठ होऊन अर्धांग होतो, दुसरीला रक्तस्राव. नव्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या ऱ्हुमॅटिक झडपेतही चालतील अशी आशा होती. २०२२ मध्ये चोवीस देशांत झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीने उलट दाखवले: जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. म्हणून आपल्याकडे प्रश्न नव्या औषधाचा राहत नाही; जुन्या औषधाची तपासणी जवळ आणण्याचा राहतो.

निदानाच्या साधनांबद्दल दोन शब्द. स्वीडनमधल्या लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी ध्वनिलहरींनी हृदयाचा पहिला आलेख काढला. धातूतल्या भेगा शोधण्याच्या यंत्राचा हा उपयोग कुणी कल्पिला नव्हता. सर्वांत ठळक हालचाल दिसे ती कर्णिकेच्या भिंतीची असावी असे एडलर यांना आधी वाटले. मृतदेहांवर पडताळा घेतल्यावर ती मायट्रल झडपेची पुढची पाकळी असल्याचे कळले. इकोशास्त्राचा जन्मच या झडपेच्या पोटी झाला. तरीही स्टेथोस्कोप टाकून देण्याचे दिवस आलेले नाहीत. डाव्या कुशीवर वळलेला रुग्ण, हृदयाच्या टोकावर हलकेच टेकलेला स्टेथोचा घंटेचा भाग, मोठा पहिला आवाज, उघडण्याचा तीक्ष्ण ठोका आणि त्यानंतरची खोल घरघर: हे ऐकायला एक मिनिट लागते, आणि ज्या गावात इको नाही तेथे तेच एक मिनिट रुग्णाला जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचवते.

हा ग्रंथ केवळ हृदयरोगतज्ज्ञांसाठी नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांप्रमाणेच प्रसूतितज्ज्ञ, इको तंत्रज्ञ, परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, कृत्रिम झडपा घडवू इच्छिणारे अभियंते आणि स्वतःच्या आजाराचा नीट माग काढणारे रुग्ण, सर्वांनी येथे यावे. घाईत असाल तर शरीररचनेचे प्रकरण आणि ऱ्हुमॅटिक तापाचे प्रकरण वाचा. बाकी सगळे या दोहोंवर उभे आहे.

आणि ऱ्हुमॅटिक तापाबाबत अजून न सुटलेला एक प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. ज्यांना एकदा ताप येऊन गेला त्यांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यायचे, सत्तावीस किलोपेक्षा अधिक वजनाला बारा लाख युनिट, त्याखाली सहा लाख, आणि झडपेला इजा उरली असेल तर निदान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल ते. नियम साधा आहे. पण इंजेक्शन दुखते, अ‍ॅलर्जीच्या भीतीने अनेक डॉक्टर ते द्यायला कचरतात, साठा कधी असतो कधी नसतो, आणि ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबातले मूल चौथ्या महिन्यात यादीतून निसटते. युगांडात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शाळेतल्या मुलांच्या इकोमध्ये केवळ सुप्त बदल सापडले होते. अशा ८१८ मुलांना दोन गटांत विभागले गेले. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन मिळालेल्या गटात दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न मिळालेल्या गटात ८.२ टक्के मुलांचा. म्हणजे रोग अजून दिसतही नाही त्या टप्प्यावर त्याला अडवता येते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत अशा मुलांचा शोध कुणी घ्यायचा, वाहून नेता येईल असा इको कुणाच्या हातात द्यायचा, त्याचे वाचन कोण शिकणार, सापडलेल्या मुलाचे इंजेक्शन पालकांच्या स्थलांतरासह कोणत्या उपकेंद्रातून कोणत्या उपकेंद्राकडे पाठवायचे आणि त्याची नोंद कुठे ठेवायची, या सगळ्यांची उत्तरे आजही बाकी आहेत. या ग्रंथाच्या वाचकांतून ती शोधणारे निघतील या विश्वासानेच मी ऱ्हुमॅटिक तापाचे प्रकरण सर्वांत मोठे ठेवले आहे.